उलट्या जर्सीचा रंग

टीव्हीवर कबड्डीचा सामना लागला की आमच्या घरात सगळ्यांचं लक्ष खेळाकडे कमी आणि माझ्याकडे जास्त असतं. समालोचक बिचारा भरभर बोलत असतो. त्या भरात एखाद्या गडद जांभळ्या जर्सीला तो 'निळा संघ' म्हणून जातो. झालं! लेक, सून आणि बायको, तिघींच्या माना एकदम माझ्याकडे वळतात.

"बाबा, हा पण तुमच्याच शाळेतला दिसतोय," लेक म्हणते.

सगळे हसतात. मीही हसतो. न हसून सांगतो कुणाला, ही थट्टा मीच घरात आणलेली आहे. चार पाहुणे जमले की चुकलेल्या रंगांचे किस्से तिखटमीठ लावून मीच सांगत आलो. त्यातला एक किस्सा मात्र आजवर अर्धाच सांगितला. 'पंचगिरीचे गमतीदार अनुभव लिहा' असा या दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला, तेव्हा नेमका तोच पहिल्यांदा आठवला. त्यात गंमत फार नाही. संपादकांनी समजून घ्यावं.

माझं पोट भरलं ते कापडावर. जुन्या जालन्यात एका दुकानात साड्यांच्या गादीवर मी तीस वर्षं बसलो. या धंद्यात 'लाल' नावाचा रंगच नसतो. डाळिंबी असतो, विटकरी असतो, कुंकवाचा असतो, टोमॅटो असतो. बाईने आमसुली मागितली आणि आपण जांभळी उलगडली, की बाई एक शब्द न बोलता उठते आणि समोरच्या दुकानात जाऊन बसते. त्यामुळे रंगाच्या बाबतीत माझी नजर पक्की, असं मी समजत होतो आणि लोकांनाही सांगत होतो.

आठवड्याच्या सुट्टीला मी कबड्डीचा पंच. तरुणपणी खेळायचो. गुडघ्याने साथ सोडली, पण मैदान काही सुटेना, म्हणून परीक्षा देऊन शिट्टी गळ्यात घातली. घरच्यांच्या मते मी आयुष्यात एवढी एकच परीक्षा पहिल्या फटक्यात पास झालो.

ज्यांनी गावची कबड्डी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दोन पंच मध्यरेषेच्या दोन टोकांना समोरासमोर उभे असतात. त्यांच्यावर एक सरपंच. हे सरपंचपद निवडणूक न लढवता मिळतं, आणि शिव्या मात्र तेवढ्याच मिळतात. बाजूला टेबलावर गुणलेखक. तो मान खाली घालून लिहीत असतो. नियमांच्या पुस्तकात हाताच्या खुणा दिलेल्या आहेत, पण गावात गर्दी रेषेपर्यंत आलेली असते, टेबलावरून खुणा दिसत नाहीत. म्हणून आमच्याकडे पंचाने तोंडाने ओरडायचं, "लाल, एक! पिवळा, दोन!" संघाचं नाव नाही घ्यायचं. गावाचं नाव घेतलं की गर्दी पेटते. रंग घ्यायचा. गुणलेखकाच्या कानावर जो रंग पडला, तो कागदावर. म्हणजे सगळा सामना पंचाच्या जिभेवर.

आणि जीभ चुकते. एका शाळेच्या मैदानावर माइकवर एक गुरुजी होते. मोतीबिंदूचं ऑपरेशन ते उन्हाळ्याच्या सुट्टीवर ढकलत आले होते, आणि उन्हाळ्याची सुट्टी दरवर्षी येऊन जात होती. त्यांना चॉकलेटी जर्सी काळी दिसायची. अर्धा वेळ त्यांनी "काळ्यांची चढाई, काळ्यांची पकड" असं चालवलं. शेवटी चॉकलेटी संघाचा कर्णधार माइकपाशी गेला आणि म्हणाला, "गुर्जी, आमी उन्हानं काळे झालो, पर कपडे तरी आमचे राहू द्या."

कधी कधी रंग जाणूनबुजूनही चुकवावा लागायचा. एकदा समोरासमोर आले ते हिरवे आणि भगवे. सामन्याआधी स्पर्धेचे सेक्रेटरी मला बाजूला घेऊन म्हणाले, "दत्ताभाऊ, दिवस नाजूक चालू राह्यले. हिरवा-भगवा असं ओरडू नका. काहीतरी दुसरं म्हणा."

माझ्याकडे साडीच्या रंगांची काय कमी! मी "पोपटी, एक! अबोली, दोन!" असं सुरू केलं. पाच मिनिटं बरी गेली. मग हिरव्यांचा कर्णधार रफिक हात वर करून माझ्यापाशी आला.

"चाचा, ये पोपटी क्या लगा रखा है? पोरं हसून राह्यलीत आमच्यावर. सीधा हिरवा बोला ना."

त्याच्यामागून दुसऱ्या संघाचाही कर्णधार आला. "आन् आमाला अबोली म्हणू नका वो. आमची बहीण नेसती अबोली."

दोघं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून माझ्यावर हसत उभे होते. उरलेला सामना सरळ हिरवा-भगवा असा झाला आणि काहीसुद्धा झालं नाही. सेक्रेटरी मात्र नंतर माझी पाठ थोपटून म्हणाले, "तुम्ही लई सांभाळलं." मी काहीच सांभाळलं नव्हतं. पण ते ऐकायला गोड वाटलं. शांततेसाठी एखादा शब्द इकडचा तिकडे केला तर चालतं, उलट शाबासकी मिळते, हे तेव्हा माझ्या डोक्यात बसलं. त्याची फळं पुढे आली.

आता तो अर्धा किस्सा.

माझी थोरली बहीण आक्का केदारखेड्याला दिलेली. तिचा मुलगा भागवत. अंगाने सडपातळ, पण पायात असा लवचिकपणा की घोटा धरला तरी मासळीसारखा निसटायचा. त्याला चालता येत नव्हतं तेव्हापासून मी त्याला अंगणात "कबड्डी कबड्डी" करत रांगायला लावलं. आक्का म्हणायची, "माझ्या लेकराला येडं करू नको." मी केलं. कुमार गटात तो चांगला खेळू लागला. त्या गटातलं त्याचं शेवटचं वर्ष आलं आणि जिल्ह्याच्या स्पर्धा तीर्थपुरीला ठरल्या.

त्या स्पर्धेतून जिल्ह्याचा संघ निवडायचा होता. कागदावर निवड सगळ्यांतून होती. प्रत्यक्षात निवडणारे लोक अंतिम सामनाच मन लावून बघायचे. जिल्ह्याच्या संघातून राज्यस्पर्धेला गेलं की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र असलं की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज. भागवतने ते सगळं मनाशी धरलं होतं. पहाटे रस्त्यावर पळायचा. आक्का देवापुढे काय काय बोलली होती ते तिलाच ठाऊक.

उपांत्य सामना केदारखेडा आणि तीर्थपुरी. मी सकाळीच सेक्रेटरींना सांगितलं, "या सामन्याला मला उभं करू नका. माझा भाचा हाय त्याच्यात."

"दुसरा पंच तापानं फणफणलाय," सेक्रेटरी म्हणाले. "अन् तुमच्यावर कोण शंका घेनार? आख्खा जिल्हा वळखतो तुम्हाला."

हे वाक्य ऐकून माझी छाती दोन बोटं फुगली. 'नाही' म्हणायला हवं होतं ती पहिली वेळ ही.

दोन्ही संघ लाल जर्सी घालून आले. अशा वेळी आमच्याकडची रीत साधी आहे. नाणेफेक करायची, जो हरेल त्याने जर्सी उलटी घालायची. हल्लीच्या जर्सी विणीतूनच रंगीत नसतात. पांढऱ्या कापडावर वरून रंग छापतात, आतली बाजू पांढरीच राहते. केदारखेडा नाणेफेक हरलं. सातही पोरांनी मैदानाच्या कडेला जर्सी काढल्या, उलट्या केल्या, घातल्या. मी टेबलाकडे ओरडलो, "तीर्थपुरी लाल, केदारखेडा पांढरा. ध्यानात ठेवा." गुणलेखकाने मान डोलावली. ध्यानात ठेवायचं कुणी, हे पुढे कळलं.

भागवत मैदानात आला तसा गर्दीतून एक आवाज आला, "ओ मामा! भाच्याला आहेर आजच करता का दिवाळीला?"

लोक खदखदून हसले. मीही हसलो. पण तो आवाज कानात राहिला. त्यानंतर केदारखेड्याला गुण द्यायची वेळ आली की मी दोनदा बघायचो, आणि तीर्थपुरीला द्यायचा असला की एकदाच. निःपक्षपातीपणाची ही माझी पद्धत! घरात मी याचा अभिमान सांगत असे.

दुपारचं ऊन. मध्यंतर झालं, अंगणं बदलली. एव्हाना पोरं घामाने निथळत होती. सुती कापड भिजलं की गडद होतं, हे कुणालाही माहीत असतं. पण या छापील कापडाचं वेगळंच आहे. ते भिजलं की पांढऱ्या बाजूने आतला रंग फुटून वर येतो. इतकी वर्षं कापडावर बसलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. मला कळलं नाही. माझ्यासमोर चौदा लाल पोरं खेळत होती, थोडी जास्त लाल आणि थोडी कमी लाल.

शेवटचं मिनिट. गुण सारखे. शेवटची चढाई भागवतची.

तो आत गेला, डावीकडे हूल देऊन उजवीकडे वळला, आणि परत फिरताना एका कोपरारक्षकाने झेप घेऊन त्याचा घोटा धरला. एकट्यानेच. दोघं माझ्या टोकाला, मध्यरेषेजवळ पडले. धुरळा उडाला. समोरच्या पंचाला काहीच दिसलं नाही. मला दिसलं. भागवतचा हात सरपटत आला आणि बोटं रेषेवर टेकली. श्वास चालू होता. गुण भागवतचा, सामना केदारखेड्याचा.

मी रेषेकडे बोट दाखवलं. आणि धुरळ्यात माझ्या पायाशी पडलेली ती ओली, लाल पाठ बघत ओरडलो, "लाल, एक!"

वेळ संपल्याची शिट्टी झाली. तीर्थपुरीची गर्दी मैदानात घुसली. केदारखेड्याची पोरं "रेषा शिवली! रेषा शिवली!" म्हणत माझ्याभोवती जमली. त्या गलक्यात माझं लक्ष टेबलाकडे गेलं. गुणलेखक तीर्थपुरीच्या रकान्यात गुण लिहीत होता. तेव्हा मला कळलं, मी काय बोललो ते.

गर्दी सारत सरपंच सोनवणे सर माझ्यापर्यंत आले. शांत माणूस. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "दत्ता, काय दिलं? लाल?"

उत्तर सोपं होतं. 'सर, रंग चुकला, गुण पांढऱ्याचा.' एवढंच. नियमात त्याला जागा आहे. पंच चूक दुरुस्त करू शकतो. मी शिट्टी ओठापर्यंत नेलीसुद्धा. तेवढ्यात सोनवणे सरांच्या खांद्यावरून मला गर्दी दिसली. मघाचा आवाज त्यातच कुठेतरी होता. आता मी निकाल फिरवला, तर तो माझ्या भाच्यासाठी फिरवला असंच दिसणार होतं. आख्खा जिल्हा ओळखतो ना मला!

"लाल," मी म्हणालो.

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी सही केली.

भागवत अजून रेषेपाशीच बसला होता. मग उठला. जर्सी काढली, सुलट केली, परत अंगात घातली आणि केदारखेड्याच्या जीपकडे गेला. माझ्याकडे आला नाही. मी त्याच्याकडे गेलो नाही. मला पुढच्या सामन्याला उभं राहायचं होतं.

जिल्ह्याच्या संघात भागवत निवडला गेला नाही.

काही दिवसांनी केदारखेड्याहून बातमी आली की गावात सगळे म्हणतात, मामाची चूक झाली नाही, जर्सीची झाली. भिजून लाल झाली होती, मामाला खरोखर लालच दिसली, बिचारे काय करणार! हे सगळ्यांना भागवतनेच समजावून सांगितलं होतं. आक्काचा फोन आला. रागावली नाही. म्हणाली, "दत्ता, डोळे दाखवून घे रे बाबा. वय झालं आता."

तेवढी पळवाट मला पुरली. मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, "नजर उत्तम आहे. काही नको."

"काहीतरी नंबर काढा ना," मी म्हणालो.

ते माझ्याकडे बघत राहिले. शेवटी जवळचं बारीक वाचायला म्हणून अगदी किरकोळ नंबराचा चष्मा लिहून दिला. तो मी केदारखेड्याला जाताना लावू लागलो. दुकानात लावायचो नाही. आमसुली आणि जांभळी मला लांबून कळत होत्या. बायकोच्या नजरेतून हे सुटलं नाही. एस.टी. केदारखेड्याच्या फाट्याशी आली की ती खिडकीबाहेर बघत म्हणायची, "आलं गाव. लावा चष्मा."

त्यापुढे तिने कधी काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्या हंगामानंतर मी पंचगिरी सोडली. विचारणाऱ्यांना गुडघा दाखवला. आणि हळूहळू, मला कळायच्या आत, तो सामना माझ्या किश्श्यांत जाऊन बसला. चॉकलेटी, पोपटी, आणि तिसरी ही भिजलेली जर्सी. 'मामाने भाच्यालाच हरवलं' म्हटलं की लोक पोट धरून हसायचे. सोनवणे सरांनी काय विचारलं, ते मी गाळून टाकायचो.

भागवतने पुढे दोनदा भरतीला अर्ज केला, खुल्या जागेतून. दोन्ही वेळा थोडक्यात राहिला. आता तो केदारखेडा ते भोकरदन ॲपे रिक्षा चालवतो. लग्न झालं, एक मुलगी आहे. कबड्डी बघत नाही. टीव्हीवर लागली तर उठून बाहेर जातो, असं आक्का सांगते.

मागच्या भाऊबीजेला आम्ही गेलो होतो. ओवाळून झालं. आक्का चहा टाकायला आत गेली, बायको तिच्या मागे गेली. मी अंगणात आलो. भागवत ॲपे धूत होता. शेजारी बादली, हातात फडकं. ॲपेच्या दांडीवरून त्याने आणखी एक वाळलेलं, पांढुरकं फडकं ओढलं आणि बादलीत बुचकळलं. बाहेर काढलं तेव्हा ते लाल होतं.

मी बघतच राहिलो. त्याने ते पिळलं. गळ्याची शिवण अजून शाबूत होती.

"तीच का रे?" मी विचारलं.

"तीच." तो काच पुसू लागला. "लई चिवट कापड हाय मामा. इतकी वर्षं झाली, फाटंना. तुम्ही तं कापडातले, तुम्हाला मालूमच."

मी चष्मा काढला. खिशात ठेवला.

"भागवत, मला तवाच कळलं होतं."

तो पुसत राहिला. मला वाटलं ऐकू गेलं नाही. म्हणून परत म्हणालो, "सोनवणे सरांनी इचारलं तवा मला बराबर कळलं होतं, गुन तुझा हाय म्हणून."

"हां," तो म्हणाला. "मालूम हाय."

"मालूम हाय?"

"मी खालीच पडलो होतो ना मामा, तुमच्या पायापाशी. तुमचं बोट रेषेवर होतं. मंग तुम्ही टेबलाकडं बघितलं, अन् शिट्टी तोंडाकडं नेली. मला वाटलं, आता वाजवतेत." त्याने फडकं परत बादलीत टाकलं. "मंग खाली घेतली."

"मंग जर्सी भिजली म्हणून गावभर का सांगत सुटला तू?"

"आईला काय सांगू? तिचा एकच भाऊ." त्याने फडकं वर काढून पिळलं. पाणी गळायचं थांबेपर्यंत पिळत राहिला. "अन् मला वाटलं, तुम्ही सांगताल. चार दिवसांनी, आठ दिवसांनी. वाट पाह्यली मी."

"आन् मंग?"

"मंग तुम्ही चष्मा लावून आले."

आतून आक्काने हाक मारली, "दत्ता, चहा झाला रे! भागवत, ये की!"

"आलो," भागवत म्हणाला. त्याने जर्सी झटकली आणि ॲपेच्या दांडीवर वाळत घातली, उलटी बाजू वर करून. मला म्हणाला, "चला मामा, थंडा होईल." मी लगेच आत गेलो नाही. तो गेला. आतून कपबशांचा आवाज येत होता, आक्का माझ्या बायकोला काहीतरी सांगून हसत होती.

या वर्षी भाऊबीजेला हा अंक मी सोबत नेणार आहे. आक्काला बारीक अक्षर आता दिसत नाही, तिला वाचून दाखवावं लागतं. भागवतला वाचायला लावायचं नाही. मीच वाचणार, चष्मा न लावता.

त्या दिवशी अंगणात ऊन कडक होतं. मी तिथेच उभा होतो. आक्काची दुसरी हाक येईपर्यंत दांडीवरची जर्सी कडेकडेने वाळत आली, आणि बघता बघता परत पांढरी झाली.